यलो फीव्हरचा डास १९०० मध्येच सापडला, मग कार्ड अजून का मागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाऊ बोटीवर आहे, पुढचं जहाज ब्राझीलला सँटोस आणि मग नायजेरियात लागोस, कंपनीने यलो फीव्हरची (पीतज्वर, म्हणजे कावीळ करणारा व्हायरसचा ताप) लस घ्यायला सांगितलंय. पण आम्ही तर वाचलं होतं की अमेरिकन डॉक्टरांनी डास शोधला, पनामा कालवा झाला, लस निघाली, नोबेल पण मिळालं, मग हा रोग संपला कसा नाही, आणि भारतात तो कधी आलाच नाही तर आपलेच लोक एअरपोर्टवर एवढं कार्ड-कार्ड (लस घेतल्याचा दाखला) का करतात?

मी वीसेक वर्षं हीच लस टोचतेय, त्याआधी बंदरावर आरोग्य तपासणीला होते, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून चार वेळा तरी येतो. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, या रोगाचा सगळा इतिहास म्हणजे दिवसांचा हिशोब आहे. पेशंटच्या रक्तातून डासाला व्हायरस मिळतो तो तापाच्या पहिल्या तीनेक दिवसांतच. मग तो डासाच्या अंगात मुरायला साधारण बारा दिवस लागतात, गरमी असेल तर कमी, थंडी असेल तर जास्त. मग तो डास (म्हणजे मादी, नर चावत नाही) कुणाला चावला की त्या माणसाला तीन ते सहा दिवसांत ताप. तीन, बारा, सहा. हे तीन आकडे माहीत नव्हते म्हणून अडीचशे वर्षं माणसं मेली, आणि तुमच्या भावाच्या कार्डावरचा नियमसुद्धा यातूनच आलाय.

रोग मूळचा आफ्रिकेतला. गुलामांच्या जहाजांतून, पाण्याच्या पिंपांत वाढणाऱ्या डासांबरोबर तो अटलांटिकपलीकडे गेला, १६४७-४८ च्या सुमारास बार्बाडोस, युकातान वगैरे भागात पहिल्या मोठ्या साथी नोंदलेल्या आहेत. डास कुठला तर एडिस इजिप्ती, म्हणजे आपला डेंग्यूवालाच, पायावर पांढरे पट्टे असलेला, तुमच्या-माझ्या गॅलरीतल्या कुंडीखालच्या बशीत वाढणारा. १७९३ मध्ये फिलाडेल्फिया तेव्हाची अमेरिकेची राजधानी होती, पन्नासेक हजार वस्ती, त्यातले जवळपास पाच हजार एका उन्हाळ्या-पावसाळ्यात गेले आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन गाव सोडून गेले. बेंजामिन रश नावाचे तिथले सगळ्यात मोठे डॉक्टर लोकांचं रक्त काढत होते आणि पाऱ्याचे जुलाब देत होते, मनापासून देत होते हं, स्वतः आजारी पडले तेव्हा स्वतःवरही तेच केलं. साथ थांबली ती थंडी पडल्यावर, डास मेल्यावर, पण श्रेय गेलं जुलाबाला. १८०२ मध्ये नेपोलियनने हैतीत पाठवलेली फौज या तापाने साफ झाली, सेनापती लक्लेर पण गेला, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सने लुईझियाना अमेरिकेला विकून टाकलं. १८७८ ला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पाच हजारांवर माणसं गेली. तोपर्यंत इलाज एकच, क्वारंटीन करा, कपडे-गाद्या जाळा, धुरी द्या. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी, डास मात्र मजेत.

आता हवाना. कार्लोस फिनले हे क्युबाचे डॉक्टर, वडील स्कॉटिश, आई फ्रेंच, शिक्षण फिलाडेल्फियात. १४ ऑगस्ट १८८१ ला त्यांनी हवानाच्या अकादमीत पेपर वाचला की हा रोग डास पसरवतो, आणि कुठला डास तेही बरोब्बर सांगितलं. लोक हसले. आता लगेच "बिचारा प्रतिभावंत आणि मूर्ख जग" असं करू नका, कारण फिनलेंनी पुढे शंभरच्या आसपास माणसांना डास चाववले आणि एकही केस अशी मिळाली नाही की जी समोरच्याला गप्प करेल. का? तर ते पेशंटला चावलेला डास दोन-चार-सहा दिवसांत दुसऱ्याला चाववायचे. डास बरोबर, माणूस बरोबर, दिवस चुकले. डासाच्या अंगात व्हायरस अजून पिकलाच नव्हता. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त चुटपूट लावणारी गोष्ट हीच वाटते, आणखी आठवडाभर थांबले असते तर एकोणीस वर्षं वाचली असती.

दिवस मोजले ते दुसऱ्याच माणसाने आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. हेन्री रोझ कार्टर, अमेरिकेचे क्वारंटीन डॉक्टर, म्हणजे माझ्याच धंद्यातले म्हणा. १८९८ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या ऑरवूड आणि टेलर या खेड्यांत साथ आली. शहरात कोण कुणाकडून आजारी पडलं ते कळत नाही, पण खेड्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं, कोण कुणाकडे कधी गेलं होतं. कार्टरनी घरोघर फिरून तारखा लिहून काढल्या. दिसलं असं की घरात पहिला पेशंट आल्यावर दुसरी केस व्हायला दोन-तीन आठवडे जातात, पण त्यानंतर त्या घरात नुसतं पाहुणा म्हणून आलेला माणूस मात्र पाच-सहा दिवसांत पडतो. म्हणजे माणूस नाही, घरच काहीतरी मधल्या दिवसांत "तयार" होतंय! ना मायक्रोस्कोप ना लॅब, वही-पेन्सिल. आजही साथीच्या कामात नवीन पोरं आली की मी त्यांना सांगते, आधी तारखांचा तक्ता घाला, मग सँपल काढा.

१८९८ लाच स्पेनशी लढाई होऊन क्युबा अमेरिकन लष्कराच्या ताब्यात आलं आणि सैनिक तापाने मरायला लागले, म्हणून १९०० मध्ये कमिशन पाठवलं. वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लझिअर आणि अरिस्टिडेस अग्रामोंते. तोवर सान्नारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने यलो फीव्हरचा बॅक्टेरिया सापडल्याचा दावा केला होता, तो तपासण्यात सुरुवातीचा वेळ गेला, काही निघालं नाही. मधल्या काळात रोनाल्ड रॉसनी १८९७ ला आपल्याकडे सिकंदराबादेत मलेरियाचा जंतू डासात दाखवला होता, त्यामुळे डास म्हटल्यावर आता कुणी हसत नव्हतं. कमिशन फिनलेंकडे गेलं, फिनलेंनी डासांची अंडी दिली, कार्टरनी आपला पेपर दिला, आणि लझिअर डास पाळायला बसले.

पहिले नऊ जण चाववून घेतले, त्यात लझिअर स्वतः होते, काही झालं नाही, परत तेच दिवसांचं गणित. मग २७ ऑगस्टला कॅरोलनी आपल्या हातावर एक डास घेतला, तो बारा दिवसांपूर्वी एका गंभीर पेशंटला, आजाराच्या दुसऱ्याच दिवशी, चावलेला होता. कॅरोल मरता मरता वाचले. पुढच्याच महिन्यात लझिअर पडले आणि २५ सप्टेंबरला गेले, वय ३४. रिपोर्टमध्ये लिहिलं की वॉर्डात चुकून डास चावला, पण त्यांनी स्वतःच मुद्दाम चाववून घेतला असावा असं बऱ्याच इतिहासकारांचं मत आहे. रीड तेव्हा वॉशिंग्टनला होते, हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं नाव रीडचंच झालं.

पण रीडनी परत आल्यावर जे केलं ते मात्र शिकवण्यासारखं आहे. नोव्हेंबरमध्ये हवानाजवळ कँप लझिअर उभा केला, त्यात दोन खोल्या. एकीत मेलेल्या-आजारी लोकांच्या उलटी-संडासाने भरलेल्या गाद्या, चादरी, कपडे, आणि त्यात तीन निरोगी माणसं वीस रात्री झोपली. वासाने उलट्या यायच्या म्हणे, पण ताप एकालाही नाही. दुसरी खोली एकदम स्वच्छ, मधोमध बारीक जाळी, एका बाजूला डास सोडलेले आणि दुसऱ्या बाजूला फक्त माणसं. डासांच्या बाजूला गेलेला जॉन मोरान ऐन नाताळात तापाने पडला, जाळीपलीकडचे ठणठणीत. अडीचशे वर्षांची गाद्या जाळायची पद्धत एका जाळीने मोडीत काढली.

पैशाची गोष्ट पण सांगते कारण ती सहसा गाळतात. नुकतेच आलेले स्पॅनिश मजूर व्हॉलंटिअर म्हणून घेतले, शंभर डॉलर सोन्यात, ताप आला तर आणखी शंभर. लेखी करार होता, स्पॅनिशमध्ये पण, आणि त्या काळात हे खरंच नवीन होतं, लोकांना न विचारता टोचून मोकळं व्हायची पद्धत होती तेव्हा. पण नवीन देशात खिसा रिकामा असलेल्या माणसाला दोनशे डॉलर दाखवून घेतलेली संमती किती मोकळी, हा प्रश्न मला तरी पडतो. १९०१ मध्ये हवानातच पुढच्या प्रयोगांत क्लारा मास नावाची नर्स गेली, पंचविशीची होती, त्यानंतर तो प्रयोग थांबवला. त्याच वर्षी कॅरोलनी दाखवलं की पेशंटचं रक्त बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं तरी रोग देतं, म्हणजे माणसाला होणारा व्हायरस पहिल्यांदा असा सिद्ध झाला. फिनलेंचं नाव नोबेलसाठी बऱ्याचदा गेलं, मिळालं कधीच नाही.

मग आले अमेरिकन लष्कराचे डॉक्टर विल्यम गोर्गस. यांना आधी डासाचं पटलेलं नव्हतं, पण पटल्यावर काम असं केलं की १९०१ च्या सप्टेंबरनंतर हवानातून रोग गेला. काय केलं? पिंपांना झाकणं, डबक्यांवर रॉकेल, पेशंटला जाळीच्या खोलीत, घरमालकाला दंड. आपल्याकडे महापालिकेची माणसं हौद-टाक्या तपासत फिरतात ना, तेच. पनामात फ्रेंचांनी १८८० च्या दशकात कालवा खणताना वीसेक हजार माणसं घालवली होती, मलेरिया आणि यलो फीव्हर मिळून. त्यांच्या दवाखान्यात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, म्हणजे डासांचा पाळणा पेशंटच्या खाटेखालीच! गोर्गस १९०४ ला गेले, १९०५ च्या शेवटी पनामा सिटीत शेवटची केस. रिओ दि जानेरोत ओस्वाल्दो क्रूझ यांनी १९०३ पासून डासमार पथकं फिरवून तेच केलं.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही वाचलेली, आणि इथे सगळ्यांना वाटलं गंगेत घोडं न्हालं. रॉकफेलर फाउंडेशन या बड्या अमेरिकन संस्थेने तर ठरवलं की मोठ्या बंदरांतले डास मारले की रोग आपोआप संपणार. मधे आणखी एक घोळ झाला. हिदेयो नोगुची, फार मोठं नाव, त्यांनी इक्वेडोरमधल्या कामावरून १९१९ मध्ये जाहीर केलं की जंतू मिळाला, लेप्टोस्पायरा, आणि त्याची लसही काही वर्षं दिली गेली. खरं म्हणजे त्यांच्या हाती लागलेला जंतू लेप्टोचा, आपल्याकडे पावसाळ्यात पाण्यातून चाललेल्या लोकांना होतो तोच आजार, त्यातही कावीळ होते. १९२६ मध्ये मॅक्स थायलर या तरुण पोराने ते दाखवून दिलं.

व्हायरस खरा हाती लागला तो पश्चिम आफ्रिकेत. रॉकफेलरच्या लागोसच्या लॅबमधले लोक गिनीपिग, आफ्रिकन माकडं सगळं करून थकले होते, कुणी आजारीच पडेना. ३० जून १९२७ ला आजच्या घानामधल्या असिबी नावाच्या २८ वर्षांच्या माणसाचं रक्त घेतलं, ताप साधाच होता, तो बराही झाला. ते रक्त टोचलं भारतातल्या लाल तोंडाच्या माकडाला, आणि ते मेलं. हे आपल्याला फार महत्त्वाचं आहे, पुढे सांगते. हे काम करणारे एड्रियन स्टोक्स त्याच सप्टेंबरमध्ये यलो फीव्हरने गेले. नोगुची आपलं म्हणणं सिद्ध करायला घानातल्या आक्राला गेले आणि मे १९२८ मध्ये त्याच तापाने गेले, आणि त्यांच्याबरोबर काम केलेले विल्यम यंग त्याच महिन्यात.

थायलरनी पुढे असिबीचा व्हायरस उंदराच्या आणि कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवला, शंभरच्या आसपास फेऱ्यांनंतर त्यातली धार गेली. मेंदू-मज्जातंतू काढून टाकलेल्या कोंबडीच्या भ्रूणपेशींवरची ही १७डी, १९३७, आणि १९५१ चं नोबेल. आज जगात कुठेही यलो फीव्हरची लस घ्या, ती असिबीच्या त्या रक्ताचीच वंशज आहे. अर्थात लसही साळसूद नव्हती. १९४२ मध्ये अमेरिकन सैनिकांना दिलेल्या लसीत टिकावं म्हणून माणसाचा सीरम घातलेला होता, त्यातल्या काही बॅचमध्ये हिपॅटायटिस बी निघाला, पन्नासेक हजार जवान काविळीने आजारी. कावीळ टाळायच्या लसीने कावीळ! सीरम तिथल्या तिथे बंद केला, आणि आम्ही कार्डावर बॅच नंबर एवढ्या काटेकोरपणे का लिहितो ते इथे कळतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, रोग का संपला नाही. १९२८ मध्ये रिओत वीस वर्षांनी परत साथ आली. मग १९३२ मध्ये ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यात कनान खोऱ्यात रॉकफेलरच्याच फ्रेड सोपर यांना यलो फीव्हरची साथ दिसली, आणि गावात एडिस इजिप्ती औषधाला नाही. म्हणजे सगळा सिद्धांत अर्धाच होता. रोग मुळात माकडांचा, जंगलात झाडांच्या शेंड्यांवर राहणारे डास तो माकडांत फिरवतात, माणूस मधेच लाकूडतोडीला गेला की सापडतो. कोलंबियात होर्खे बोशेल यांनी १९४० च्या सुमारास पाहिलं की मोठं झाड पाडलं की शेंड्यावरचे निळसर चमकणारे डास झाडाबरोबर खाली येतात आणि लाकूडतोड्यांना चावतात. शहरातल्या टाक्या तुम्ही झाकाल हो, पण ॲमेझॉनच्या शेंड्यांना झाकण कोण घालणार? म्हणून देवीसारखा हा रोग कायमचा घालवता येणार नाही, तुम्ही फक्त माणसांना लस देऊन भिंत उभी करू शकता.

अमेरिका खंडातून एडिसच संपवायची मोहीम पण झाली, १९६२ पर्यंत १८ देश मुक्त म्हणून जाहीर झाले, मग पैसा आटला, लक्ष उडालं, डास परत आले आणि डेंग्यू घेऊन आले. ये रे माझ्या मागल्या.

भारताचं आता. आपल्याकडे डास आहे, गर्दी आहे, आणि असिबीच्या रक्ताने मेलेलं ते माकड आपलंच आहे. पनामा कालवा उघडणार म्हटल्यावर इथल्या सरकारलाही धाकधूक झाली, मेजर जेम्स या अधिकाऱ्यांना पाठवून अभ्यास केला आणि १९१३ मध्ये त्यांचा लेख आला, भारताला यलो फीव्हरपासून कसं वाचवायचं. आशियात तो का रुजला नाही यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, डेंग्यूमुळे थोडी प्रतिकारशक्ती असेल, डासांच्या जातीत फरक असेल, नशीबही असेल. नशिबावर खातं चालवता येत नाही.

एकदा मात्र सगळ्यांचे धाबे दणाणले होते. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात सोरबजवळ क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि आजूबाजूच्या गावांत ताप. पुण्यातलं व्हायरस रिसर्च सेंटर (आजचं एनआयव्ही) तेव्हा पाच वर्षांचं होतं, पहिली शंका हीच की यलो फीव्हर आला. निघाला वेगळाच, गोचिडीतून पसरणारा नवा व्हायरस, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपल्याकडे माकडताप म्हणतात. दोडामार्ग, बांदा, गोव्यात सत्तरीला काजूच्या हंगामात अलीकडे जो झाला तोच. आणि गंमत बघा, त्याचा अभ्यास करायला पुढे पुण्यात आले ते तेच कोलंबियाचे बोशेल, झाडाच्या शेंड्यावरचे डास पाहिलेले.

आणि हा जुना इतिहास नाही हो. डिसेंबर २०१५ मध्ये अंगोलात लुआंडाला साथ सुरू झाली, काँगोत पसरली, जगाचा आणीबाणीचा लससाठा तेव्हा साठेक लाख डोसचा, तो संपला. लस अजून अंड्यांतच वाढवतात, जगात बनवणारे मोजके, ऑर्डर दिली की महिन्यात मिळते असं नाही. शेवटी काँगोच्या राजधानीत, किन्शासात, एकाच्या जागी पाच जणांना, म्हणजे ०.५ ऐवजी ०.१ मिली देऊन भागवलं. दोन्ही देश मिळून तीन कोटींवर लोकांना लस दिली. त्याच साथीत अंगोलात काम करणारे ११ चिनी कामगार ताप घेऊन चीनमध्ये परतले. आशियात आलेल्या पहिल्या सिद्ध केसेस. तिथे थंडीचे दिवस होते, पुढे पसरलं नाही. ते विमान जुलैत मुंबईला उतरलं असतं तर, असा विचार मी तेव्हा रोज करायचे.

म्हणून कार्ड. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटीनमध्ये ठेवतात, ते सहा दिवस म्हणजे कार्टरच्या वहीतले. आणि कार्ड लागू होतं टोचल्यापासून दहा दिवसांनी, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढे लागतात. इथेच लोक फसतात. एका एजंटने एका मुलाला सुई घेतल्यापासून पाचव्या दिवसाचं तिकीट काढून दिलं होतं, जहाज त्याला न घेता गेलं, कॉन्ट्रॅक्ट गेलं, आणि वर तो मुलगा मलाच विचारत होता की मॅडम तारीख जरा मागची टाका ना. नाही टाकत.

तेव्हा तुमच्या भावाला सांगा, निघायच्या दहा दिवस आधी नाही, तीन आठवडे आधी येऊ दे, सेंटरवर लस नेहमी असतेच असं नाही, फोन करून जावं. पासपोर्ट सोबत, नाव पासपोर्टप्रमाणेच, बॅच नंबर आणि शिक्का समोरच बघून घ्यावा. जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, दर दहा वर्षांनी घ्या असं कुणी सांगत असेल तर ते जुनं आहे. आणि जिवंत लस आहे, अंड्यातली आहे, तर अंड्याची जोरदार ॲलर्जी, कॅन्सरची औषधं, स्टेरॉईड, थायमस ग्रंथीचा काही आजार, किंवा वय साठच्या वर असेल तर सुई घेण्याआधी बोलायचं, घेतल्यावर नाही.